घंटीतलं पाणी

जरा जवळ या, कारण हल्ली मी हळू वाजते. मी घंटी. देवळातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. देवळातल्या घंटेला मान असतो, शाळेतल्या घंटेला धाक असतो. मी बैलाच्या गळ्यातली, मला दोन्ही नाही. पण एका पोराच्या तोंडून निघालेला पहिला शब्द माझा होता. असं भाग्य त्या दोघींपैकी कुणाला लाभलं असेल असं मला वाटत नाही, आणि हे मी मुद्दाम मिरवून सांगते आहे.

माझा जन्म नगरचा. एका ओताऱ्याने कासं वितळवून मला ओतलं, आत लोखंडाचा लोलक टांगला आणि कानाशी धरून हलवलं. माझ्याबरोबरच्या सगळ्या ‘टण’ वाजल्या. मी वाजले ‘टुंग’. ओताऱ्याने तोंड वाकडं केलं. साच्यात काहीतरी खोट राहिली असणार. मढीच्या जत्रेत त्याने दुकान मांडलं तेव्हा सगळ्या विकल्या गेल्या आणि मी मागे राहिले. मग एक उंच, सडसडीत शेतकरी आला. त्याने मला दोनदा वाजवलं आणि म्हणाला, “हीच द्या. लांबून वळखू यील.” माझ्या खोटीला पहिल्यांदाच कुणीतरी गुण म्हटलं होतं. त्या माणसाची मी आजही ऋणी आहे.

त्यांचं नाव सूर्यभान. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. पाथर्डीहून शेवगावला जाताना वाटेत त्यांचं गाव लागतं. आबांनी मला हौश्याच्या गळ्यात बांधलं. जोडीतला दुसरा बैल बाजारातून आणलेला होता, पण हौश्या घरच्या गाईचा, आबांच्या हातावर वाढलेला. आबा मुळात कमी बोलणारे. बायकोशी, म्हणजे गोजरबाईंशी, बोलायचे ते कामापुरतं. हौश्याशी मात्र औत धरल्यापासून सोडेपर्यंत त्यांचं काहीबाही चाललेलं असायचं. हौश्या मान हलवायचा, मी वाजायचे, आणि आबा पुढचं बोलायचे. तेव्हा हौश्याच्या वतीने हुंकार भरायचं काम इतकी वर्षं मीच केलं.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात आबांना नातू झाला. मुलाचं, रंगनाथचं, पहिलं पोर. नाव ठेवलं गहिनीनाथ. पोर मान धरायला लागलं तसं आबा त्याला रोज सकाळी काखेत घेऊन गोठ्यात यायला लागले. हौश्यापुढे उभे राहायचे आणि विचारायचे, “कोन हाय ह्यो?” विचारून गप्प राहायचे. पोराने उत्तर दिलंच पाहिजे अशी घाई नाही. पोर हौश्याकडे बघायचं, माझ्याकडे बघायचं, आबांच्या ओठांकडे बघायचं. मग आबाच सांगायचे, “हौश्या हाय ह्यो.” असं कितीतरी सकाळी चाललं.

एके दिवशी आबांनी विचारलं आणि पोर म्हणालं, “टुंग.”

आबा असे हसले की हौश्या दचकला. आबांनी पोराला तसंच उचलून चुलीपुढे नेलं. केशर, म्हणजे पोराची आई, भाकरी थापत होती. तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, “नऊ म्हैने म्या वागवलं, अन् नाव घंटीचं घेतंय व्हय रे?” तोंडाने रुसली होती, पण पिठाच्या हातानेच तिने त्याचा गालगुच्चा घेतला. त्या दिवसापासून हौश्या म्हणजे टुंग, हे घरात सगळ्यांना ठाऊक झालं. लांबून मी वाजले की गहिनी रांगत उंबऱ्याशी यायचा आणि ओरडायचा, “टुंग.” आणि आबा शिवारातून उत्तर द्यायचे, “आला, आला टुंग.”

बहात्तर सालाबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल, म्हणून मी लांबण लावत नाही. पाऊस झाला नाही. कडबा संपला. गोठ्यात दोन बैल उभे, आणि त्यांच्यापुढे टाकायला काही नाही. आबांनी शेवटी हौश्याला विकायचं ठरवलं ते पैशासाठी नाही, त्याच्या पोटासाठी. गोदावरीच्या अंगाचा एक बागायतदार आला. त्याच्याकडे पाटाचं पाणी होतं, हिरवा चारा होता. जोडी त्यालाच दिली.

आमच्याकडे एक रीत आहे. जनावर विकलं तरी त्याचं दावं आणि गळ्यातली घंटी द्यायची नाही. दिली तर गोठ्याची लक्ष्मी पाठोपाठ जाते म्हणतात. घेणारा आपलं दावं घेऊन येतो. आबांनी स्वतःच्या हाताने माझी गाठ सोडली. हौश्या वळून बघत गेला, आणि पहिल्यांदाच तो चालताना काही वाजलं नाही. मला ओसरीतल्या खुंटीला अडकवलं.

त्या दिवसापासून आबा बोलेनासे झाले. भाकरी पुढ्यात यायची आणि तशीच माघारी जायची. गळ्याची हाडं दिसायला लागली. गोजरबाई घाबरल्या. म्हातारा असाच झिजून जाईल, ही भीती त्यांच्या मनात घर करून बसली. त्यांनी सगळ्यांना बजावलं, “आजपून घरात बैलाचं नाव काडायचं न्हाई.” मी वाऱ्याने वाजायचे आणि आबा दचकून उठायचे, म्हणून त्यांनी माझ्या लोलकाला चिंधी गुंडाळली आणि घट्ट गाठ मारली. मला राग आला नाही. त्या माऊलीला नवरा वाचवायचा होता.

पण ही बंदी गहिनीला कोण समजावणार? तो नुकता चालायला लागला होता. सकाळी उठला की गोठ्यात जायचा, रिकाम्या दावणीपुढे उभा राहायचा, मग डुलत डुलत आबांकडे यायचा आणि विचारायचा, “टुंग?” आबा उठून चालू लागायचे. तो गोजरबाईंकडे वळायचा. “टुंग?” गोजरबाई त्याला उचलून घ्यायच्या आणि दुष्काळी कामावर वाटतात ती सुकडी चिमूटभर त्याच्या तोंडात भरायच्या. “गप माज्या राजा. खा.” केशर आणि रंगनाथ दिवसभर त्याच कामावर खडी फोडायला जायचे. संध्याकाळी केशर आली की तो तिला विचारायचा. केशर सासूकडे बघायची, आणि तीही पोराला दुसऱ्याच कशाला तरी लावायची. “त्यो बघ काव. काव बघ कसा बसलाय.”

पोराचा प्रश्न एवढासा होता. त्याला सुकडी नको होती आणि कावळाही नको होता. पण त्याला हळूहळू कळलं ते असं, की हा शब्द काढला की आबा निघून जातात आणि आजी तोंड भरते. त्याच्याजवळ शब्द तरी एकच होता. तोच घरात कुणाला नको होता. मग त्याने तो टाकून दिला, आणि दुसरा घेतला नाही.

गहिनी गप्प झाला. पाणी हवं असलं तर हंड्याकडे ओढत न्यायचा. काही नको असलं तर मान फिरवायचा. आणि आता घरातले लोक त्याच्या मागे लागले. “म्हन आई. म्हन आजी. म्हन बाबा. आरं म्हन की.” दिवसभर म्हन, म्हन. खुंटीवरून मला माणसांची एक गंमत दिसली. लहान पोराला प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत. “भूक लागली का? लागली आसंल. चल जेवाया.” प्रश्न यांचाच, उत्तरही यांचंच, मग त्या पोराने मधे बोलावं कुठे? मला तर तोंडच बांधलेलं होतं, नाहीतर मी सांगितलं असतं.

महिने गेले. त्याच्या बरोबरीची पोरं बडबड करायला लागली. एकदा गोजरबाईंच्या तोंडून निघून गेलं, “केसर, तुज्या माहेरचा चुलता मुका हाय न्हवं?” त्या सहज बोलल्या, पण केशरच्या काळजात ते रुतलं. दुसऱ्या दिवशी खडी फोडताना तिचं लक्ष नव्हतं आणि हातोडी बोटावर बसली. बोट बांधून ती घरी आली, ओसरीत बसली, पोराला मांडीवर घेतलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याचं तोंड उघडून तिने जीभही पाहिली. जीभ होती. केशर रडली ते मला दिसलं, पोरालाही दिसलं. त्याने तिच्या बांधलेल्या बोटावर फुंकर घातली. म्हणजे त्याला सगळं कळत होतं. फक्त तो बोलत नव्हता.

शेजारच्या रतनबाईंना अशा बाबतीत फार गोडी. त्या म्हणाल्या, “पोपटानं चोच मारल्याला प्येरू खाऊ घाला.”

गोजरबाई म्हणाल्या, “आगं, ह्या दुस्काळात प्येरू कुठला अन् पोपट कुठला. मानसं सरकारी मिलो जवारी खात्यात.”

“मंग घंटीतलं पानी पाजा. घंटी उलटी धरायची, पानी भरायचं, अन् पोराला प्यायला द्यायचं. वाचा फुटती. देवळातली उलटी करता येत न्हाई, पर तुमच्याकडं हाय की.” रतनबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. “फकस्त वाजती पायजे बरं का. मुक्या घंटीचा गुन येत न्हाई.”

गोजरबाई पेचात पडल्या. मला वाजतं करायचं म्हणजे आबांच्या कानावर जाणार. इकडे नवरा, तिकडे नातू. दोन दिवस त्या नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. मग गावात हजाम यायचा वार आला. आबा दाढीला म्हणून पारावर गेले आणि त्या दिवशी केशरही बोटामुळे घरीच होती. गोजरबाईंनी मला खुंटीवरून काढलं.

चिंधीची गाठ सुटेना. त्यांनी दाताने सोडली. मग राखेने मला घासलं, आतून बाहेरून लखलखीत केलं, आणि राख झटकायला एकदा जोराने हलवलं.

मी वाजले. किती महिन्यांनी! माझाच आवाज मला ओळखू येईना.

गहिनी उंबऱ्यावर बसून मातीत बोटं फिरवत होता. तो उठला. धावतच गोठ्यात गेला. रिकाम्या दावणीपुढे थोडा वेळ उभा राहिला. मग परत आला, गोजरबाईंसमोर उभा राहिला, आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं बाहेर काढलं. “टुंग?”

तोवर गोजरबाईंनी मला उलटं करून पाण्याने भरलं होतं. पण सवय कुठे जाते? हा शब्द ऐकल्याबरोबर त्यांचा दुसरा हात आपसूक सुकडीच्या डब्याकडे गेला. केशरने तो हात धरला. सासूचा हात तिने उभ्या जन्मात धरला नव्हता. “न्हाई आत्याबाई,” ती म्हणाली. “त्याला बोलू द्या. त्यो कवापून इचारतोय. आपुनच त्याचं त्वांड दाबलं.”

या ओढाताणीत मी कलंडले आणि पाणी सगळं जमिनीवर सांडलं. आणि तेवढ्यात दारात आबा उभे. अर्ध्या गालाला साबण तसाच, गळ्यात हजामाचा कपडा. माझा आवाज पारापर्यंत गेला होता. ते उठून पळत आले होते. त्यांना वाटलं होतं हौश्या परत आला.

त्यांनी गोठ्याकडे पाहिलं. मग गोजरबाईंच्या हातातल्या माझ्याकडे. त्यांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं बळ उतरलेलं मी पाहिलं आणि मला वाटलं, मी वाजले नसते तर बरं झालं असतं. गोजरबाई तर हात जोडून उभ्या राहिल्या.

घाबरला नाही तो गहिनी. तो आबांपाशी गेला, त्यांचं धोतर धरलं आणि वर बघत विचारलं, “टुंग?”

आबांना वळता आलं असतं. आधी रोज वळायचेच. पण धोतर पोराच्या मुठीत होतं. ते हळूहळू खाली बसले, पोराच्या तोंडासमोर तोंड येईल इतके. मग म्हणाले, “टुंग न्हाई रं गहिन्या. टुंग गेला.”

पोर त्यांच्या ओठांकडे बघत होतं.

“लांब गेला. नदीकडं. आपल्याकडं चारा न्हवता, म्हनून म्याच धाडला. तितं पानी हाय, हिरवा चारा हाय. तितं खातोय त्यो. आता न्हाई यायचा.” आणि हे बोलता बोलता आबा रडायला लागले. साबण आणि आसवं एक झाली. इतक्या महिन्यांत त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

गहिनीने त्यांच्या गालावरचा साबण बोटाने पुसला, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, “गेआ.”

“व्हय. गेला.”

“टुंग गेआ.”

“टुंग गेला, माज्या लेकरा.”

पोराच्या चेहऱ्यावर केवढं समाधान होतं म्हणून सांगू. त्याला हौश्या परत हवा होता असं नाही म्हणता येणार, हवा असेलच. पण त्याला आधी उत्तर हवं होतं. ते मिळालं. संध्याकाळी आबांनी भाकरी मागून घेतली. गोजरबाईंनी वाढली आणि पाठ फिरवून डोळे पुसले.

नंतर तर रोजचंच झालं. गहिनी सकाळी विचारायचा, दुपारी विचारायचा, तोच प्रश्न. बाकीचे कंटाळायचे. आबा एकदाही कंटाळले नाहीत. प्रत्येक वेळी सांगायचे, आणि प्रत्येक वेळी थोडं पुढचं सांगायचे. नदी कशी असते, ऊस कसा असतो, हौश्या पाणी कसं पितो. पोर त्यातलं एखादं उचलायचं. “टुंग पानी.” “टुंग खातो.” शब्द दावणीला लागत गेले. आणि आबाही त्याच्याबरोबर पुन्हा बोलायला शिकले. घरातले म्हणतात गहिनीला वाचा फुटली. मी म्हणते दोघांना फुटली.

केशरच्या वाट्याचं राहिलं होतं. एका संध्याकाळी ती कामावरून आली, केसांत दगडाचा भुगा, डोक्यावर पाटी. गहिनी दारात वाट बघत उभा होता. तिला काहीच ठाऊक नसणार अशा काळजीने त्याने ती बातमी तिला दिली. “आई, टुंग गेआ.”

केशरने पाटी खाली ठेवली. आपल्याला ‘आई’ म्हटलं गेलं, हे तिला क्षणभर कळलंच नाही, कारण ती बातमी ऐकत होती. मग कळलं. पण तिने ‘पुन्हा म्हन’ असं म्हटलं नाही. ती उकिडवी बसली आणि म्हणाली, “गेला व्हय? कुठं गेला?” आणि गहिनीने तिला हातवारे करून सगळं सांगितलं. त्या क्षणी खुंटीवरून तिला बघायला मला मिळालं, याबद्दल मी त्या ओताऱ्यापासून हौश्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानते.

गावात बोभाटा झाला तो मात्र वेगळाच. रतनबाई सांगत सुटल्या, घंटीचं पाणी पाजलं आणि पोर बोललं. खरं म्हणजे एक थेंब पोराच्या पोटात गेला नव्हता, सगळं पाणी ओसरीने प्यायलं. केशरने चार जणींना तसं सांगितलंही. कुणी ऐकेना. आजूबाजूच्या गावांतून बायका पोरं घेऊन यायला लागल्या. मी उलटी होते, भरते, पाजली जाते. फुकटचा मोठेपणा कुणाला आवडत नाही? मलाही थोडा आवडतो. पण आबांनी एक पद्धत पाडली आहे. पाणी देण्याआधी ते विचारतात, “पोर आदी काय म्हनायचं?”

परवाच एक बाई आली, शमशाद नावाची. एसटीने आली होती, कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी. मुलगी आधी बोलायची, सहा महिन्यांपासून गप्प आहे, म्हणाली. गोजरबाईंनी मला भरलं. आबांनी विचारलं.

“अब्बा म्हनायची,” शमशाद म्हणाली. “लई म्हनायची.”

“मंग?”

“तिचं अब्बा भिवंडीला गेल्यात, यंत्रमागावर. काईच निरोप न्हाई. नाव निगालं की सासूबाई पदर तोंडाला लावत्यात. म्हनून आमी तिला…” आणि ती मधेच थांबली. आपण काय सांगतो आहोत ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं.

आबा हळू म्हणाले, “तिला सांगा, कुठं गेल्यात त्ये.”

“काय सांगू बाबा? कवा येनार, त्ये मलाच ठावं न्हाई.”

“मंग त्येच सांगा.”

शमशादने मुलीला मांडीवर समोर वळवून घेतलं. “अब्बा भिवंडीला गेल्यात, बेटा. कवा येतील, मला बी ठावं न्हाई. मी बी वाट बघती.” मुलगी तिच्या ओठांकडे बघत होती. कुणी ‘म्हण’ म्हटलं नाही. कुणी घाई केली नाही. ओसरीत आम्ही सगळे थांबलो.

मग मुलगी अगदी हळू म्हणाली, “अब्बा.”

“व्हय,” शमशाद म्हणाली. “अब्बा.” आणि तिने मुलीला छातीशी धरलं.

मी गोजरबाईंच्या हातात काठोकाठ भरलेली होते. पाजायचं कुणाला सुचलं नाही. थोड्या वेळाने गोजरबाईंनी पाणी तुळशीत ओतलं, मला पदराने आतून कोरडं पुसलं आणि खुंटीला लावलं. त्या दिवशी माझा काही उपयोग झाला नाही, आणि मी फार सुखात आहे.